कानाचं दुखणं कानातलं नव्हतं

तासगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल. अठरा वर्षं झाली. इतकी वर्षं मशीनवर बसलं की बऱ्याच गोष्टी डोळ्यांआधी कानाला कळतात. सुई बोथट झाली की कापडातून जाताना टक्-टक् वाजायला लागते. खालचा दोरा गुंतायला लागला की मशीनचा आवाज घोगरा होतो आणि पाय आपसूक थांबतो. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि आपल्याला हे येतं याचीही मला तोवर कल्पना नव्हती.

२०२१च्या दिवाळीत, ऐन घाईच्या आठवड्यात, मी एका ब्लाउजची अख्खी बाही रिकाम्या बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ संपलेलं असताना, शिवली. वरून टाका दिसत होता, उचलल्यावर दोरा सळकन निघून आला. संध्याकाळपर्यंत हे तीनदा झालं. दमलीस, झोप काढ, असं हे म्हणाले. मीही तसंच समजले.

सर्दी मात्र गणपतीपासूनच होती. नाक चोंदलेलं असायचं आणि सकाळी शिंकरलं की रक्ताळलेल्या, काळपट खपल्या पडायच्या. त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसनं, त्या काळ्या बुरशीनं, घराघरांत धास्ती घातली होती आणि मला एप्रिलमध्ये कोविड होऊन गेला होता. रुमालातली खपली बघून ह्यांचा चेहरा उतरला. सांगलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून नाक तपासलं, खपलीचा नमुना तपासायला पाठवला. बुरशी निघाली नाही. घरी येताना आम्ही पेढे घेतले. बुरशी नाही, मग खपल्या कशाच्या, हे त्या आनंदात विचारायचं राहून गेलं. ना आम्ही विचारलं, ना डॉक्टरांनी काढलं.

दिवाळीनंतर उजव्या कानात दडा बसला. घाटात गाडी चढताना बसतो तसा, पण आवंढा गिळून, जांभई देऊन सुटेना. माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत ऐकू यायचा. भाकरीचा पापुद्रा चावला तर तो आवाज डोक्यात इतका मोठा व्हायचा की समोरचा काय बोलतोय ते कळायचं नाही. सासूबाईंनी लसणाच्या पाकळ्या कडकडवून कोमट तेलाचे थेंब घातले. दोन दिवस बरं वाटल्यासारखं झालं आणि परत तेच. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर तेलाचा थेंबही आत जाता कामा नये. सासूबाई अजून त्याचं मनाला लावून घेतात. त्यांच्या तेलानं काही बिघडलेलं नव्हतं, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय.

सांगलीच्या डॉक्टरांनी एक चिमट्यासारखा लोखंडी काटा गुडघ्यावर आपटून त्याचं बूड माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं आणि विचारलं, "आवाज कुठल्या कानात येतोय?" उजव्या, म्हणजे बंद असलेल्याच कानात जास्त येत होता. मला नवल वाटलं. ते म्हणाले, "बरोबर. पडद्यामागे पाणी साठलंय. बाहेरचा आवाज आत जात नाही, पण हाडातून आलेला आवाज त्याच कानात मोठा वाटतो. म्हणजे आतला कान चांगला आहे." नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी सुजून बंद झाली होती. हा काटा लक्षात ठेवा, त्याची गोष्ट पुढे परत येणार आहे.

सहा आठवडे गोळ्या आणि नाकातले थेंब झाले. मग डिसेंबरमध्ये पडद्याला बारीक छेद देऊन ग्रोमेट बसवलं. मण्याएवढी नळी असते ती, पाणी बाहेर पडायला आणि हवा आत जायला. दोन दिवस छान ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी कान वाहायला लागला तो थांबेचना. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. जानेवारीत डावा कानही दडपला.

आणि आवाज सुरू झाले. लोक विचारतात, कानात आवाज म्हणजे नक्की कसा? माझ्या बाबतीत ते दोन प्रकारचे होते. दडा बसलेला असताना छातीतले ठोके कानात यायचे, एकसारखे धप्-धप्, जिना चढला की भरभर. ते मला समजायचे तरी; माझेच ठोके होते. दुसरा आवाज फेब्रुवारीत आला. रातकिड्यांचा असतो तसा, पण एकाच किड्याचा, एकाच पट्टीत, दम न घेणारा. दिवसा मशीन, रस्ता, रेडिओ यांत तो दबून जायचा. रात्री दिवा मालवला की खोलीत तेवढाच उरायचा. मी उठून पंखा पाचवर करायची, थंडीत, गोधडी घेऊन. पंख्याच्या आवाजाखाली झोप लागायची. शेजारी झोपलेल्या माणसाला यातलं काही ऐकू येत नाही, आणि सांगून सांगून आपणच दमतो. त्या दिवसांत मी फार एकटी पडले होते.

एवढ्यात शरीरात दुसरंही चाललं होतं. आज गुडघा, परवा मनगट, मग घोटा. दुखणं जागा बदलत फिरायचं. डावा डोळा लाल व्हायचा, आत खोल ठणकायचा. वजन आठ किलो उतरलं. खोकला होता. मी प्रत्येक दुखण्यासाठी त्या त्या डॉक्टरांकडे गेले. हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवला, डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळा. कानाच्या डॉक्टरांसमोर बसून मी सांधेदुखी कशाला काढू? त्यांचा वेळ जाईल, असं वाटायचं. कापड फाडून वेगवेगळ्या शिंप्यांकडे द्यावं आणि अंगरखा होईल म्हणावं, तसं मी केलं.

खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला. त्यात डाग दिसले. थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली, तिच्यात जंतू सापडले नाहीत. तरी टीबीची औषधं चालू केली. फुफ्फुसात डाग, वजन घटलेलं, खोकला, म्हटल्यावर आपल्याकडे आधी टीबीच आठवणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या देशात तो आहेच तेवढा. माझी तक्रार त्यानंतरची आहे. पुढचे सात आठवडे मी खंगत गेले आणि दर भेटीत "औषधाला वेळ द्या" एवढंच उत्तर मिळालं. जंतू सापडला नाही, औषध लागू पडत नाही, तर मग हा आजार दुसरा असेल का, हे कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी फोन वाजला. उजव्या कानाला लावला तर पलीकडे कुणीच नाही. डाव्या कानाला नेला तर माझी बहीण बोलत होती, दुरून, फडक्यातून बोलल्यासारखी. त्या दिवशी उठताना घरही फिरल्यासारखं झालं होतं. आधीचा दडा असायचा तेव्हा उजव्या कानाने बारीक का होईना ऐकू यायचं; आता तिथे काहीच नव्हतं, फक्त तो किडा. हे मी पुढच्या भेटीत सांगितलं. गोळ्यांनी होतं कधी कधी, असं उत्तर आलं. काटा कपाळावर टेकवून परत कुणी बघितलं नाही. त्या सकाळीच मी हट्टाने पुन्हा तपासणी करून घ्यायला हवी होती. एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं तर ती तातडीची गोष्ट असते, त्याच दिवशी दवाखाना गाठायची असते, हे मला माहीत नव्हतं. मी तीन आठवडे घालवले.

मार्चमध्ये चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळलं. आरशात बघितलं तर उजवा डोळा मिटत नव्हता. मिरजेला एका फिजिशियनकडे गेलो. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चेहरा बघितला, मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "ताई, आता पहिल्यापासून सांगा. नाक, डोळा, सांधे, सगळं. घाई नाही." मी सांगत गेले आणि ते एका कागदावर लिहीत गेले. शेवटी कागद माझ्यासमोर फिरवला. नाक, दोन्ही कान, डोळा, सांधे, फुफ्फुस, चेहऱ्याची नस. "हे सात आजार नाहीत," ते म्हणाले. "आधी लघवी तपासू."

लघवी? मी कानाला आणि तोंडाला आले होते. टीबीच्या औषधाने लघवी केशरी झालेली असायची, तेव्हा रंगावरून काही कळायची सोय नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तांबड्या पेशी आणि प्रथिनं निघाली. ईएसआर, म्हणजे अंगात दाह किती ते दाखवणारा आकडा, ९८. मूत्रपिंडाचं काम मोजणारं क्रिएटिनिन वाढून १.६. म्हणजे मूत्रपिंडापर्यंत पोचलं होतं आणि मला तिथे काहीच दुखत नव्हतं. रक्ताची आणखी एक तपासणी त्यांनी लिहून दिली, एन्का. शरीर आपल्याच पांढऱ्या पेशींवर उलटलंय का, ते त्यात बघतात. पाच दिवसांनी अहवाल आला, पीआर-३ एन्का पॉझिटिव्ह, आकडा खूप मोठा.

आजाराचं नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. सगळे जीपीए म्हणतात. जुन्या पुस्तकांत वेगेनरचा आजार असं सापडतं. फ्रीड्रिख वेगेनर या जर्मन डॉक्टरचा नाझींशी संबंध पुढे आल्यावर २०११मध्ये ते नाव सोडून दिलं गेलं. हा रक्तवाहिन्यांचा दाह आहे, आणि तोही बारीक रक्तवाहिन्यांचा. आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं, त्या पेशी भडकतात आणि केसाएवढ्या वाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतात. नाक, कान, फुफ्फुस आणि मूत्रपिंड या त्याच्या आवडत्या जागा. बऱ्याच जणांना सुरुवात नाक-कानापासून होते आणि महिनोन्महिने ती साधी सर्दी, साधा कान म्हणूनच निभावली जाते. आजार फार दुर्मीळ आहे, दहा लाख लोकांत वर्षाला मोजके नवे रुग्ण. म्हणून तो कुणाला चटकन आठवत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. संधिवाताचे डॉक्टर कानाला काय करणार, असं मी गाडीत ह्यांना विचारत होते. तिथे कळलं की शरीर स्वतःवरच उलटतं असे बरेच आजार तेच बघतात. भरती झाले. फुफ्फुसातून नळीने पाणी घेऊन टीबीसाठी परत तपासलं, जंतू नाहीत. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, त्यात निदान पक्कं झालं. टीबीची औषधं बंद.

आणि तिथल्या कानाच्या डॉक्टर बाईंनी तो काटा काढला. कपाळावर टेकवला. "कुठे?"

डाव्या कानात.

चार महिन्यांपूर्वी हाच आवाज उजवीकडे जात होता. मी तसं सांगितल्यावर बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग समजावलं. डाव्या कानात अजून नुसतं पाणी आहे, तो कान वाचेल. उजव्यात आतला कान, शंखासारखा भाग असतो तो, बाधला आहे. म्हणून हाडातून जाणारा आवाजही तिथे पोचत नाही. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच असते, तिला पर्यायी वाट नसते. तिच्या फांद्या सुजून बंद झाल्या की आतल्या पेशी फार वेळ तग धरत नाहीत. आणि त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. ऑडिओग्रामचा कागद माझ्याकडे आहे. उजवा ७५ डेसिबल, डावा ४०. आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी.

तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइडचा मोठा डोस दिला, मग गोळ्या. पाचव्या दिवशी सकाळी डाव्या कानात बारीकसा टक् आवाज झाला आणि एकदम वॉर्ड ऐकू आला. ट्रॉलीचं करकरणारं चाक. पलीकडच्या पलंगावरच्या आजींच्या सोबतीला आलेल्या सुनेच्या बांगड्या. ती डबा उघडत होती, डब्याची कडी निघाल्याचा आवाज मला आला. मी रडले. आजी घाबरल्या, त्यांनी नर्सला हाक मारली, आणि ती हाकही मला स्पष्ट ऐकू आली.

मग रिटुक्सिमॅब. आठवड्याला एक अशा चार सलाइन. आधी कावीळ-बीचा विषाणू आणि बाकीचे छुपे संसर्ग नाहीत ना हे तपासतात, कारण हे औषध प्रतिकारशक्तीची एक फळीच खाली बसवतं. पहिल्या वेळी अर्ध्या तासात घसा खवखवला, थंडी वाजली. त्यांनी सलाइन थांबवलं, इंजेक्शन दिलं, वेग कमी करून परत चालू केलं. सहा तास लागले. पैशाचं म्हणाल तर एका सलाइनला माझ्या दुकानाची चार महिन्यांची कमाई जात होती. पाटल्या मोडल्या, दिरांनी हात दिला.

स्टेरॉइडचे दिवस अवघड होते. चेहरा भरला, साखर वाढली, पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि भूक लागायची. गल्लीत लोक म्हणायचे, तब्येत छान सुधारली. मी तेव्हा फक्त डोस उतरायची वाट बघत होते. तो हळूहळूच उतरवतात, आणि आपल्या मनाने एक दिवसही बंद करायचा नसतो.

डॉक्टरांनी एकदा सांगितलं की १९५०च्या दशकातल्या नोंदींत उपचार न झालेले दहापैकी आठ रुग्ण वर्षाच्या आत जात. पुढे सायक्लोफॉस्फमाइड आणि स्टेरॉइड एकत्र देऊन हे चित्र पालटलं, आणि ते काम अमेरिकेत ज्यांनी केलं त्यांत अँथनी फाउची होते. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे तेच. ते ऐकल्यावर मला त्या अनोळखी माणसाबद्दल घरच्या माणसासारखी कृतज्ञता वाटली.

चेहरा दोन महिन्यांत सरळ झाला. क्रिएटिनिन १.१वर स्थिरावलं. डावा कान जवळजवळ पहिल्यासारखा झाला. उजवा ७५वरून ५५वर आला आणि तिथेच थांबला.

त्या कानाला मागे बसणारं यंत्र घेतलं. त्याच्या बटणाएवढ्या सेलवर नारंगी स्टिकर असतो. तो काढून सेल मिनिटभर हवेत ठेवायचा, मग बसवायचा, नाहीतर लवकर उतरतो. पहिल्या दिवशी यंत्र लावून मशीनवर बसले तर सगळं पत्र्यासारखं खणखणलं. मी काढून ठेवणार होते. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, रोज एक तास, मग दोन, मेंदूला सवय होऊ द्या. दोन महिने लागले. यंत्र लावलं की रातकिडा मागे सरतो, हा मला न मागता मिळालेला फायदा. कुठून हाक आली ते मात्र अजून कळत नाही. गिऱ्हाईक उजवीकडून "वहिनी" म्हणालं तरी मी डावीकडे बघते. दुकानातली मांडणी मी बदलली आहे. मशीन भिंतीला उजवा खांदा लावून ठेवलंय, म्हणजे माणसं डावीकडूनच येतात.

प्रमाणपत्रासाठीही विचारून बघितलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याची अक्षमता मोजायची तर दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते. माझा एक कान चांगला, म्हणून मी त्यात बसत नाही. उजव्या बाजूने येणारा ट्रक ज्याला ऐकू येत नाही, त्याने रस्ता कसा ओलांडायचा, याचं या कायद्यात काही नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.

आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचा छोटा डोस असतो. घरी अस्तराच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवली आहे. सगळे अहवाल त्यात, तारखेच्या क्रमाने, कानाचे आणि लघवीचे एकत्र. कुठल्याही डॉक्टरांकडे गेले तरी मी ती अख्खी पिशवी टेबलावर ठेवते, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा. आमच्या गल्लीत एकीचा कान तीन महिने वाहत होता आणि नाकातून खपल्या पडत होत्या. मी तिला हात धरून लघवी तपासायला नेलं. तिचं सगळं ठीक निघालं, साधंच दुखणं होतं. पन्नास-शंभर रुपयांची तपासणी. परत कुणाला असं दिसलं तर मी परत नेईन.

गेल्या डिसेंबरची कानाची तपासणी होती. त्या बंद खोलीत बसवतात, हातात बटण देतात, सूर ऐकू आला की दाबायचं. दार बंद झालं की बाहेरचं जग जातं आणि किडा तेवढा उरतो. सूर चढत चढत त्याच्या पट्टीला आले आणि माझा गोंधळ उडाला. हा यंत्राचा सूर की माझाच? मी दोनदा दाबलं, मग हात काढून घेतला, काचेतून मॅडमना खूण केली. त्या आत आल्या. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या कानातला आवाज याच सुराचा आहे, मला वेगळं काढता येत नाही."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मी सूर तुटक-तुटक देते."

दार परत बंद झालं. थोडा वेळ फक्त किडा, सलग. मग त्याच्या खाली, फार बारीक, काहीतरी थांबून थांबून वाजलं. बॉबिन संपत आल्यावर मशीन वाजतं तसं. मी बटण दाबलं.